वामन अंपायरचा डावा हात

“त्यांच्या ‘हो’ला लगेच हो धरू नका. पण आपल्या मनाने त्याचं ‘नाही’ही करू नका. परत विचारा आणि थांबा,” असं स्पीच थेरपिस्ट संघमित्रा मॅडमनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यातलं पहिलं वाक्य मी पक्कं धरलं. पुढचं कानावरून गेलं, कारण मांडीवरची माझी लेक जाई तेव्हा मॅडमचं पेन चघळत होती आणि माझं लक्ष त्या टोपणात होतं.

बाबा म्हणजे माझे सासरे, वामन. मेंदूला झटका आला, उजवा हात अधू झाला आणि बोलणं बिघडलं. मॅडम म्हणाल्या, याला अफेझिया म्हणतात. डोकं जागेवर आहे, ऐकलेलं बरंचसं कळतं, पण मनातला शब्द तोंडापर्यंत येईतो भलताच होतो.

तपासणीत मॅडमनी कंगव्याचं चित्र दाखवलं. बाबांनी डाव्या हाताने बरोब्बर भांग पाडून दाखवला आणि म्हणाले, “चमचा.” मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतला.

“काका, तुमचं नाव वामन?”

“हो.”

“तुमचं नाव सीताराम?”

“हो.”

“तुमच्या गावात, तळवलीत, बर्फ पडतो?”

“हो, हो!”

“परू दे,” शेजारून आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या. “तेवराच गारवा.”

बाबाच सगळ्यात मोठ्याने हसले.

तर असं आमचं घर. एक माणूस सगळ्याला ‘हो’ म्हणणारा आणि एक अडीच वर्षांची पोर ‘नको, नको’ म्हणत अख्खं केळं संपवणारी. मधे मी, दोघांच्या तोंडाकडे बघत बसलेली. नवरा तेजस म्हणायचा, “वैदेही, तू जरा टेन्शन कमी घे. थोडं आमच्यासाठी ठेव.”

गावच्या मैदानावरच्या टेनिस बॉल टुर्नामेंटचे दिवस आले, तसा मंडळाचा शिवा घरी आला. बाबा तिथले जुने अंपायर. त्यांनी आउट दिला की भांडायला कोणी पुढे यायचं नाही, अशी त्यांची ख्याती.

“वामनदा, यंदा लेगला उभे रावनार ना?”

“हो,” बाबा म्हणाले.

शिवा खूश होऊन चहा पिऊन गेला. मला मात्र स्वयंपाकघरात ऊन दिसायला लागलं, बॉल दिसायला लागला, खड्ड्यात अडकलेला पाय दिसायला लागला. संध्याकाळी मी गॅलरीतून शिवाला फोन केला. “अहो, ते सगळ्यालाच हो म्हणतात. बर्फालासुद्धा. तुम्ही दुसरा अंपायर बघा.”

“बरं वहिनी,” तो म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

मागे वळले तर बाबा दारात. सगळं ऐकलेलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मॅडमनी सरावाला दिलेली चित्रांची कार्डं उशीखाली सारली. मोठ्या कष्टाने ‘चहा’, ‘जाई’, ‘पंखा’ असे मोजके शब्द परत आले होते, तेही बोलेनात. जाई मांडीवर चढून “आजोबा, बोल!” म्हणाली तरी नुसते तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. हे असंच चाललं तर आलेले शब्दही जातील, या भीतीने मी त्यांना पुढच्या सेशनला जवळजवळ ओढतच नेलं. आई जाईला घेऊन बरोबर आल्या.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, “त्यांना परत विचारलंत?”

“तुम्हीच म्हणालात ना, त्यांच्या ‘हो’वर जाऊ नका!”

“त्याच्या पुढे काय म्हणाले होते मी?”

मी जाईचं नाक पुसायला घेतलं. ते वाहत नव्हतं.

मॅडमनी खुर्ची बाबांच्या समोर ओढली. “काका, टुर्नामेंटला अंपायर म्हणून उभं राहायचंय?”

“नाय, नाय, नाय,” बाबा घाईघाईने म्हणाले.

“बघा!” मी म्हणाले.

“शू,” मॅडम म्हणाल्या, आणि थांबल्या. इतक्या थांबल्या की बाबांच्या वतीने मीच उत्तर द्यावं असं मला होऊन गेलं. बाबांनी मान झटकली. आपल्या तोंडावर चिडले असावेत. मग डावा हात पुढे लांब केला, बोलरला अडवून धरतात तसा, आणि झपकन खाली सोडला.

“खेळ सुरू करा,” आई कुजबुजल्या. “असाच करतान ते.”

“आता उलटं विचारते,” मॅडम म्हणाल्या. “काका, त्या दिवशी घरीच बसायचं?”

“हो,” तोंड म्हणालं. पण डावा हात आडवा पसरला आणि उजवाही जमेल तेवढा बाजूला उचलला गेला.

“वाईड!” आम्ही तिघी एकदमच ओरडलो. जाईने टाळ्या पिटल्या.

मॅडमनी आणखी आठ-दहा गोष्टी विचारल्या, सुलट आणि उलट. तोंड चुकत होतं, हात एकदाही चुकला नाही. “ही आपली वाट,” त्या म्हणाल्या. “हाताला बोलू दे. तोंड त्याच्या मागून येईल, आपल्या चालीने.”

मी तिथूनच शिवाला फोन लावला. “दुसरा अंपायर मिळाला का हो?”

“शोधलाच नाय, वहिनी.”

मॅचच्या दिवशी बाबांच्या डोक्यावर टोपी, डाव्या हातात काठी, मागे प्लास्टिकची खुर्ची, बाजूला पाण्याची बाटली, आणि बाउंड्रीवर मी, बीपीचं मशीन पर्समध्ये घेऊन. बाबा खुर्चीवर बसलेच नाहीत.

शेवटच्या ओव्हरला तेजस बॅटिंगला होता. दुसरी रन चोरायला धावला, थ्रो आला, स्टंप उडाले. तेजसने सूर मारला. धुरळा. सगळं मैदान बाबांकडे बघायला लागलं.

“नाय, नाय, नाय!” बाबा ओरडले.

तेजस उठून नाचायला लागला. “नॉट आउट! बाबा नाय म्हणाले!”

बाबांनी काठी सोडून दिली. डावा हात सावकाश वर गेला, एक बोट ताठ.

“बाबा, तुम्ही आत्ता नाय बोललात ना!”

“तोंड काय बगतंस, बोट बग!” बाउंड्रीवरून आई गरजल्या. मैदानभर हशा पिकला आणि सगळेच ओरडायला लागले, “बोट बघ रे, तेजस, बोट बघ!”

तेजस बॅट काखेत मारून बाहेर आला, जाता जाता बाबांच्या पाया पडला. बाबांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली, तोंड उघडलं, बंद केलं, परत उघडलं.

“औट,” ते म्हणाले.

मी काठी द्यायला धावले होते, तिथेच थांबले. बीपीचं मशीन पर्समधून बाहेर आलंच नाही.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या बिल्डिंगमध्ये, गल्लीत, नात्यात असं कोणीतरी असेल, ज्यांच्या आजारपणानंतर त्यांच्या वतीने घरचेच बोलतात. आज त्यांच्याकडे जाऊन या. काय हवंय ते त्यांनाच विचारा. एकदा सुलट विचारा, एकदा उलट. मग गप्प बसा, अवघड वाटेल इतका वेळ बसा, आणि त्यांचे हात बघा.