कुरकुर

बुश तळहातावर आला तेव्हा घणाच्या ठोक्यांनी कोमट झालेला होता, आणि तो गोल नव्हता. एका अंगाला रबर कांद्याच्या पापुद्र्याएवढं उरलेलं, दुसऱ्या अंगाला जाडजूड… जन्मभर एकाच कुशीवर निजलेल्या माणसासारखा. गहिनीनाथाने तो डोळ्याशी धरला. भोकातून लिंबाची डहाळी दिसली, डहाळीपलीकडे कोरडं पांढरं आभाळ, आणि मग उगाचच, काही कारण नसताना, लेकीचं, पुष्पीचं नाक टोचलं त्या दिवसाचं तिचं रडणं.

एवढासा जिन्नस. जीपच्या पुढच्या कमानीच्या, पोलादी पाट्यांच्या, टोकाला वळवून केलेला डोळा असतो, त्या डोळ्यात हा बसतो, याच्यातून पिन जाते आणि पिनेवर गाडीचा सगळा पुढचा भार. वाटेतला प्रत्येक खड्डा आधी याला कळतो, मग माणसाला. हा झिजला की पिन डोळ्यात खुळखुळते, लोखंड लोखंडाला लागतं आणि गाडी बोलू लागते. आठ वर्षं बोलत होती.

जीप अंगणात लिंबाखाली, पुढचं अंग बाभळीच्या दोन ओंडक्यांवर उचललेलं, चाकं काढून भिंतीला टेकवलेली. पहाटेच रॉकेल सोडून ठेवलेले नट आता कुठं हलू लागले होते. नगरला लष्कराच्या लिलावात घेतली तेव्हा बाप— भिमाजी— तिच्याभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाला होता, “बैलं कुटं जुपायची रं हिला?” आणि स्वतःच हसला होता. पण बसला. शेजारच्या सीटवर, धोतर आवळून, दोन्ही हातांनी समोरची दांडी धरून बसला तो थेट कर्जतच्या बाजारापर्यंत, आणि उतरताना एवढंच बोलला, “समदं बरं हाय, पर मुकी हाय. गाडी मुकी नसावी. शिवंवर आली की घराला कळाया पायजे, आपलं मानूस आलं.”

म्हणून मग ती बोलू लागली तेव्हा गहिनीनाथाने तिला बोलू दिलं… बाप गेल्यावर तर जास्तच. ओढ्याच्या उतारावर ती कुरकुरायची— कुर्रर्र-कुंई, कुर्रर्र-कुंई— आणि परकरातली पुष्पी हातातलं टाकून शिवेकडं पळत सुटायची. शेवगावच्या वाटेनं येवो की कर्जतच्या, तिला कधी चुकली नाही. तिच्या लग्नाच्या वर्षी त्याने नगरहून नवे बुश आणले, कागदात बांधलेले. तर हळदीच्या हातांनी तिने ते कोनाड्यात ठेवून दिले होते. “नाना, ऱ्हाऊ द्या ना ती कुरकुर. तुमी न्यायाला आले की मला आदी कळंल.”

राहू दिली. चार वर्षं ते पुडकं कोनाड्यात राहिलं, कागदाला हळदीचं बोट तसंच.

आणि गेल्या साली ओढ्यात…

त्याने पिन रॉकेलात बुडवली, चिंधीने पुसली, पुन्हा बुडवली. पुष्पीला सातवा महिना होता. ओटी भरून तिला माहेरी घेऊन निघालेला. सावकाश, बैलाच्या चालीने चालवत होता. पण ओढ्यातल्या दगडावर डावं चाक चढलं आणि झिजलेल्या डोळ्यात पिन आदळली, गाडीने असा हिसका दिला की स्टेअरिंग हातात उलटं फिरलं. “काय न्हाई नाना, चला,” पुष्पी म्हणाली. तिचा हात पोटावर होता. तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं की हिसक्याने असं होत नसतं, मूल आधीच गेलेलं असावं. त्यांनी ते दोनदा सांगितलं. त्याच्या बायकोने, साळूने ऐकलं, मान हलवली, आणि त्या दिवसापासून ती जीपमध्ये बसली नाही. बोलली मात्र काहीच नाही. बोलली असती तर… काय म्हणालो असतो मी? कोनाड्याकडे बोट दाखवलं असतं?

“काय नाना, जिपड्याचं बाळंतपन काढलं का?”

भाऊकीतला सहादेव बांधावरून येत होता, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. हसत आला आणि अंगणाच्या मध्यावर त्याचं हसू त्याच्याच तोंडात अडकलं. त्याने जीभ चावली. मग उगाच ओंडक्याला पाय लावून पाहिला.

“वैनीनं इचारलं हुतं,” तो खाली बघत म्हणाला, “उद्या दमनी कवा जुपायची म्हनून. पुष्पीला आनायला. म्हनलं, उन्हाच्या आत निगू. बैलं गरीब हायती, पेंढा लई टाकतो खाली, पोर पुन्यांदा दोन जिवाची…”

गहिनीनाथाने पान्याला पाना लावून नट फिरवला. म्हणजे ठरलं होतं. साळू आणि सहादेव, दोघांत ठरलं होतं.

“आठ मैल हाय,” तो म्हणाला.

“व्हय. बैलाला काय, दुपार हुईल.”

“मग सकाळी ये. बघू.”

सहादेव गेला. दाराच्या आत बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. साळू तिथंच उभी होती, सगळं ऐकत. त्याने वर पाहिलं नाही. नवा बुश डोळ्याच्या तोंडाशी धरला, लांब बोल्ट आरपार घातला, दोन्हीकडून जाड वायसर लावले आणि नट आवळत गेला. ठोकायचा नसतो तो. ठोकला तर फाटतो. असा ओढून, चुचकारून आत घ्यायचा. इंचाइंचाने बुश आत सरकला आणि डोळ्याच्या काठाशी येऊन बसला, जसा काही तिथलाच. चारही टोकांना एकेक. मग पिना, मग नट. पण पुरते आवळले नाहीत. गाडी स्वतःच्या पायांवर उभी राहून तिचा भार खाली येईपर्यंत पिळायचं नाही, नाहीतर रबर आधीच पीळ घेऊन बसतं. चाकं चढवली, ओंडके काढले, जॅक सोडला. जीप हळूच खाली बसली. एक शब्दही न बोलता.

कसंतरी वाटलं.

आता बापाची रीत राहिली होती. बैलगाडीला नवा कणा घातला की भिमाजी साटीच्या फळ्यांवर काठोकाठ तांब्या ठेवायचा आणि शिवेपर्यंत जाऊन यायचा. किती सांडलं त्यावर गाडी पास की नापास. जीपलाही गहिनीनाथ तेच करत आला होता. पण यंदा, दुष्काळाच्या या दुसऱ्या साली, टँकरच्या पाण्यातला तांब्या मागायचा कुणाकडे? तो नट पिळून हात पुसत होता, तेवढ्यात साळू बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात काठोकाठ भरलेला तांब्या, नजर पाण्यावर. पायरी बघितली नाही, त्याला बघितलं नाही. शेजारच्या सीटवर चढून बसली आणि तांब्या मांडीवर धरला.

“चला.”

“सांडलं तर?”

“तर दमनी हायेच.”

वस्तीची वाट संपली, ओढा आला. कोरडा, दगडांचा. तोच दगड तिथंच होता. त्याने गाडी त्याच्यावर घातली— चुकवता आली असती— डावं चाक चढलं, कमान वाकली, उतरली. आवाज नाही. शेजारी पाहायचा धीर झाला नाही. कानच पाण्याकडे लावून बसला तो, एखादा थेंब वाजतो का…

पलीकडच्या काठावर साळू म्हणाली, “थांबवा.”

थांबवली. तिने तांब्या वर उचलला आणि घटाघटा पाणी प्याली, डोळे मिटून, कितीतरी दिवसांची तहान असल्यासारखी. अर्ध्यावर थांबली. पदराने तोंड पुसलं. पदर ओला झाला, की आधीच ओला होता?

“घ्या,” ती म्हणाली.

तांब्याला ग्रीसची बोटं उमटली. पाणी गार होतं. किती सांडलं, सांडलं की नाही, ते आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. आणि साळूने ते मुद्दाम केलं की नाही, हेही नाही. ती समोर बघत होती, पुष्पीच्या सासरच्या वाटेकडे.

“किती गप झाली वो ही,” ती पुटपुटली.

जीप वळवताना त्याला पुष्पीची ओवी आठवली, सासरच्या पहिल्या वर्षी जात्यावर तिने जुळवलेली, साळूनेच कधीतरी सांगितलेली—

बाप निघाला न्यायाला, गाडी वाजती ओढ्यात
लेक सासरी दळती, तिचं पीठ ऱ्हाई जात्यात

उद्या दमणी निघेल की जीप, साळू बोलली नव्हती, त्याने विचारलं नव्हतं. पण जीप गेलीच, तर पुष्पी दळत राहील. गाडी दारात येऊन उभी राहील तरी तिचा हात फिरत राहील, शेवटचा दाणा भरडेपर्यंत, आणि मग केव्हातरी सावली पडली म्हणून ती वर बघेल. आणि मी तिथं उभा असेन, न कळवता आलेला… त्याने कुरकुर ऐकण्यासाठी कान दिले, सवयीने. फक्त रिकाम्या तांब्याची कड साळूच्या बांगडीला लागून किणकिणत होती— अगदी बारीक— आणि तो तिच्या लयीने गाडी हळू, आणखी हळू करत गेला.