दुसरं पॅकिंग

तिने गाडीच्या इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा वरचा पाइप सोडवून काचेच्या बाटलीत धरला आणि बाबांना सांगितलं, "मारा सेल्फ."

बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन कण्हत फिरलं. बाटली कोरडी ती कोरडीच. ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची वायर तिने आधीच काढली होती. टाकीत पेट्रोल होतं, गाळणी स्वच्छ होती, टाकीकडून येणारा पाइप फुंकून झाला होता. म्हणजे दोष पंपाचाच.

सात महिन्यांच्या रजेनंतर उद्या ती कामावर जाणार होती. लेकीला पाळणाघरात आणि तिला कारखान्यावर सोडायचं बाबांनी स्वतःहून कबूल केलं होतं. वेळेत पोचायला दुसरी सोय नव्हती. आणि परवापासून गाडी बंद. रजा वाढवलीत तर जागा भरावी लागेल, हे साहेबांनी गोड आवाजात सांगूनही झालं होतं.

"राहू दे आता, फोरमनबाई," बाबा म्हणाले. "म्हातारी झाली ती."

"तुम्ही म्हणताय हे?"

चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त केलेला हा माणूस. लायसन्स असलेल्या मुलीलाही आपल्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावू देत नसे. आत्ता तो दुसरीकडेच बघत होता.

घरातून लेक कुरकुरली. हातांना पेट्रोलचा वास, म्हणून तिने पाळण्याला पायानेच झोका दिला. श्वास संथ झाल्यावर परत येऊन पंपाचे दोन्ही बोल्ट काढले. पंप तळहातावर घेऊन त्याचा दांडा अंगठ्याने दाबला. फुस्स. पुन्हा दाबला. आतला पडदा धड होता, ओढ जोरकस होती. मग इंजिनावर बसवला की याला होतं काय?

तिने बसवायची जागा फडक्याने पुसली. पंप आणि इंजिनामधल्या पॅकिंगची कड नखाला जाड लागली. एकावर एक, दोन. तेवढ्या जाडीने दांडा त्याला ढकलणाऱ्या आतल्या फिरत्या कॅमपर्यंत पोचतच नव्हता. नवशिक्याची चूक म्हणावी, तर वरचं पॅकिंग कोरं होतं. भोकं नेमकी, कडा ब्लेडने साफ कापलेल्या. इतकं सुबक हाताने कापणारा तिला एकच माणूस ठाऊक होता.

ते तळहातावर ठेवून ती गाडीच्या खिडकीशी आली. बाबांनी पाहिलं.

"परवा फाटकाचा खांब दिसला नाही मला," ते म्हणाले. "भर दुपारी. जेमतेम वाचलो. मागे तुझी लेक असती तर?"

जादाचं पॅकिंग बाजूला ठेवून तिने पंप चढवला, बोल्ट आवळले, पाइप आणि वायर जागच्या जागी लावली.

"मारा."

तिसऱ्या खेपेला इंजिन लागलं. बाबांनी मान कलती करून आवाज ऐकला. मग उतरले, बॉनेटवर हात टेकत गाडीला वळसा घातला आणि पलीकडच्या सीटवर जाऊन बसले.

तिने हात पुसले नि स्टिअरिंगमागे बसली.

"हिचा क्लच वर आल्यावर धरतो," बाबा समोर बघत म्हणाले. "सावकाश सोड."