नियम क्रमांक सात

नगरपालिकेतल्या त्या हेडक्लार्कला सगळे मसुदेसाहेब म्हणत, आणि ते हे कौतुक समजत. सव्वीस वर्षं त्यांनी असे मसुदे लिहिले होते, की त्यात कोणी काही केलं असं चुकूनही सापडत नसे. फायली गहाळ होत, चुका निदर्शनास येत, विलंब घडून येई. कोणाच्या हातून, ते विचारायचं नाही. आता ही गोष्ट ते स्वतःच सांगतात, स्वतःला चार शिव्या हासडून, म्हणून आपणही सांगायला हरकत नाही.

तर झालं असं. गावाबाहेरच्या तळ्याकाठची वीस एकर जमीन राखीव व्हावी म्हणून त्यांची थोरली बहीण नऊ वर्षं पालिकेचे उंबरे झिजवत होती. ताई शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाल्यावरही दुखरे गुडघे घेऊन रोज सकाळी तिथं जायची आणि पक्षी मोजून वहीत लिहायची. अखेर ठराव झाला आणि वरून देखभालीचं अनुदानही मंजूर झालं. अट एकच होती: जमिनीचे नियम महिनाअखेरीस वर पोचले पाहिजेत, नाहीतर पैसे परत.

नियम लिहायचं काम अर्थातच साहेबांकडे आलं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनला त्यांना त्याची आठवण झाली. हा बहाद्दर गडबडला नाही. कपाटातून शहरातल्या बागेचे नियम काढले, जिथं जिथं 'बाग' होतं तिथं 'राखीव क्षेत्र' घातलं आणि पाचच्या आत पाठवून दिले. वर निवांत चहाही झाला. पुढं सभेत नियम एकमतानं मंजूर झाले, कारण ते कोणी वाचलेच नव्हते. ताई तर भेटेल त्याला सांगत सुटली, की नियम माझ्या भावानं लिहिलेत.

वाचले फक्त देखभालीच्या ठेकेदारानं. चार महिन्यांनी एका सकाळी ताईचा फोन आला, की असशील तसा निघून ये. साहेब पोचले तेव्हा यंत्र घरघरत होतं, एक तृतीयांश गवत भुईसपाट झालं होतं आणि टिटव्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होत्या. ठेकेदारानं अदबीनं कागद पुढं केला. नियम क्रमांक सात: गवत चार बोटांपेक्षा उंच वाढू देऊ नये, पालापाचोळा रोज उचलावा, वाळलेली झाडं तोडावीत. कोपऱ्यातल्या एकुलत्या वाळक्या झाडाला त्यानं खडूनं फुली मारून ठेवली होती. करवत उद्या सकाळी सातला येणार होती. त्या झाडाच्या ढोलीत घुबडाची जोडी आणि तीन पिल्लं होती, अजून पंख न फुटलेली.

नियम फार छान लिहिलेत साहेब, अगदी स्पष्ट, असं ठेकेदार मनापासून म्हणाला. स्पष्टपणाबद्दल साहेबांची तारीफ जन्मात पहिल्यांदाच झाली होती.

ताई रागावली असती तर बरं झालं असतं. ती फुलीकडं बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "मी वाचले नाहीत रे. तू लिहिलेस म्हणून."

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते तडक मुख्याधिकारीबाईंकडे धावले. बाईंनी ऐकून घेतलं. नियम बदलायला सभा हवी, म्हणजे दोन महिने गेलेच, असं त्या म्हणाल्या. मात्र नियम लिहिणाऱ्यानं ते चुकीचे गेल्याचं स्वतः लेखी दिलं, तर त्या आजच काम थांबवू शकत होत्या. तो कागद साहेबांच्या सेवापुस्तकात लागणार होता, आणि पुढच्याच महिन्यात अधीक्षकाची जागा भरायची होती. बाईंनी तेही लपवलं नाही.

साहेब टेबलाशी बसले. पहिल्या मसुद्यात काही बाबी अनवधानानं समाविष्ट झाल्या होत्या. बाईंनी विचारलं, कोणाच्या अनवधानानं? दुसऱ्यात 'संबंधित कर्मचारी' आला. संबंधित म्हणजे कोण? तिसऱ्यात 'निम्नस्वाक्षरीकार' आला. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"मी सहाला घरी जाते," त्या म्हणाल्या. "करवत सातला येते."

साहेबांनी नवा कागद घेतला. 'मी' हा एवढासा शब्द लिहायला त्यांना पंधरा मिनिटं लागली. मग बाकीचं भराभर आलं. 'हे नियम मी लिहिले. बागेचे नियम उतरवून काढले आणि न वाचता पाठवले. ती जमीन मी तोवर पाहिलीसुद्धा नव्हती. कृपा करून झाड तोडू नका.'

सहाला पाच कमी असताना काम थांबवल्याचा आदेश निघाला. अनुदान नवे नियम जाईपर्यंत अडकलं, पण परत गेलं नाही. अधीक्षकाची जागा मात्र गेली, आणि मिळाली कोणाला, तर ज्याच्या अर्जात 'अधीक्षक' हा शब्दच चुकीचा लिहिला होता त्याला. साहेब त्यावर आठवडाभर धुसफुसले, नाही असं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी कागदाची प्रत ताईला नेऊन दिली. तिनं चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"सव्वीस वर्षांत तुझं लिहिलेलं मला आज पहिल्यांदा समजलं," ती म्हणाली, आणि नवे नियम लिहायला भावाला सकाळी सहाला तळ्यावर बोलावलं.

साहेब गेले. पँटला कुसळं चिकटली, बूट चिखलात रुतला, आणि ढोलीतून तीन पिल्लं या ध्यानाकडं टकामका बघत राहिली. दगडावर बसून साहेबांनी पहिला नियम लिहिला: इथं काहीही करण्याआधी ही जागा येऊन पाहिली जावी.

ताईनं खांद्यावरून वाकून वाचलं. "कोणी पाहावी?"

साहेबांनी निमूटपणे ती ओळ खोडली आणि पुन्हा लिहायला घेतली.