बिनचरबीचं सीरम

उमेओच्या विद्यापीठात प्रबंध पूर्ण झाला की तो भर दालनात लाकडी फळीवर हातोडीने ठोकायचा, अशी रीत. खिळा एकदा बसला की प्रबंध जगाचा. ईल्वाचा प्रबंध सोमवारी ठोकायचा होता आणि बाईसाहेबांचे पाय जमिनीवर नव्हते.

कारणही तसंच होतं. कर्करोगाच्या पेशी मोठ्या हावरट. वाढीला लागणारी चरबी त्या स्वतःच्या घरातच रांधतात. ईल्वाच्या औषधाने ती चूल विझायची आणि पेशी पटापट मरायच्या. पाच वर्षांत एकही प्रयोग फसला नव्हता. खरं तर शंका तेव्हाच यायला हवी होती.

गुरुवारी कॉफीच्या वेळी प्रयोगशाळेचा कारभार सांभाळणाऱ्या गुनवोरबाई वेलचीचा पाव खाता खाता म्हणाल्या, "मी निवृत्त झाले की ते बिनचरबीचं सीरम तुझं तूच मागव हो. तुझा विषयच चरबी, म्हणून मी पहिल्यापासून तेच आणते."

ईल्वाने हातातला पाव खाली ठेवला. पेशींना पोसायला वासराच्या रक्ताचं सीरम घालतात. त्यातली चरबीच काढून टाकलेली असेल, तर बिचाऱ्यांना बाहेरून खायला काही नव्हतंच. माणसाच्या रक्तात मात्र चरबी असतेच.

तिने त्याच संध्याकाळी साध्या सीरममध्ये प्रयोग लावला. रविवारी पाहते तर औषधात बुडालेल्या पेशी मजेत. चूल बंद झाली म्हणून त्यांनी बाहेरून डबा लावला होता.

हे ऐकून तिचे मार्गदर्शक प्राध्यापक तोर्केल जराही गडबडले नाहीत. प्रबंधातलं एकही वाक्य खोटं नाही, म्हणाले. बाहेरचा पुरवठा तोडणारं दुसरं औषध जोडीला दिलं की पुढच्या संशोधनाची पाच वर्षं आरामात निघतील. "आत्ता गप्प बस आणि ठोक. पदवी हातात पडू दे."

सोमवारी ईल्वाने प्रबंध ठोकला आणि त्याच्यावर एक कागदही ठोकला: 'सर्व प्रयोग बिनचरबीच्या सीरममध्ये केले. साध्या सीरममध्ये या औषधाने पेशी मरत नाहीत.' टाळ्या पडल्या. वाचायला कोणी पुढे झालं नाही. सगळे केककडे वळले.

एकट्या गुनवोरबाईंनी चष्मा लावला. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे पोरी, मी चुकीचं आणत होते?"

ईल्वाला भरून आलं. "नाही हो. मी पाच वर्षांत बाटलीवरचं नाव वाचलं नाही. अर्ध्या पेशी तुम्हीच मारल्यात, गुनवोरबाई, आणि मी सगळं श्रेय औषधाला दिलं."