कौसरची मशीद

फारुक परकार आयुष्यभर जहाजांवर फिटर होते. इस्तंबूल, मस्कत, कैरो, जिथं जायला मिळेल तिथली मोठी मशीद ते आवर्जून पाहून येत. गुहागर तालुक्यातल्या त्यांच्या गावाहून फेरीबोटीनं खाडी ओलांडली की पलीकडं एक जुनी मशीद होती. तिकडं मात्र ते लहानपणानंतर फिरकले नव्हते. "काय आहे तिथं? वटवाघळं," एवढंच ते म्हणत.

त्यांची मुलगी कौसर मुंबईत जुन्या इमारतींच्या डागडुजीचं शिक्षण घेऊन आली होती. फारुकनी तिच्यासाठी दुबईत नोकरी बघून ठेवली, तिनं ती नाकारली आणि पलीकडच्या त्या मशिदीचं काम घेतलं. तेव्हापासून बापलेकीत कामापुरतंच बोलणं होई.

फारुक निवृत्त होऊन घरी आले. एका रविवारी त्यांच्या बायकोनं, सकिनानं, खापरोळ्यांचा डबा भरला. "लांबलांबून लोक कौसरची मशीद बघायला येतायत म्हणे. आपणही जाऊया."

"तुला जायचंय तर चल," फारुक म्हणाले.

आंब्याच्या पेट्यांनी भरलेल्या टेम्पोशेजारी उभं राहून त्यांनी खाडी पार केली. धक्क्यावरून चढण चढून गेल्यावर समोर काळ्या दगडाची मशीद उभी राहिली. घुमट, चार मिनार, उंच जोत्यावर जाणाऱ्या रुंद पायऱ्या. फारुक खालीच थांबले. आठवणीतली मशीद एवढी मोठी नव्हती.

आत कौसर एका जोडप्याला माहिती देत होती. डोक्यावर हेल्मेट, ओढणी कमरेला खोचलेली, हात चुन्यानं पांढरे. आईवडिलांना बघून ती क्षणभर थबकली. मग इतरांना सांगावं तशा आवाजात म्हणाली, "चपला बाहेर काढा, अब्बा. आणि भिंतीला हात लावू नका. तेलकट डाग बसतो."

फारुकनी निमूट चपला काढल्या.

"मागं कुणीतरी दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरलं होतं," कौसर पुढं सांगू लागली. "पाणी आतच अडकलं आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागले. ते सगळं आम्ही छिन्नीनं कोरून काढलं. आता चुना भरतोय. त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालतो."

जोडप्यातला स्वरूप संगमेश्वरकडचा होता. त्यानं विचारलं, "पण चुना सिमेंटपेक्षा मऊ ना?"

"मऊच हवा," फारुक एकदम बोलले. सगळे वळले. "इंजिनात दोन लोखंडांमध्ये गॅस्केट असतं. दाब वाढला तर गॅस्केट जावं, लोखंड तडकू नये. गॅस्केट बदलता येतं."

"अगदी तेच," कौसर म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती त्यांच्याकडं बघून हसली.

ती जोडप्याला मिनाराकडं घेऊन गेली, तेव्हा चुना कालवणारे भागोजी गवंडी सकिनाला म्हणाले, "तुमची ही पोर, बाई, भारी हट्टी. पहिल्या कंत्राटदारानं घाईघाईनं सिमेंटच्या गोणी आणून टाकल्या. ही त्या पायरीवर बसली. म्हणाली, आधी गोणी जातील, मग मी उठेन. संध्याकाळी गोणी परत गेल्या."

"घरी बोलली नाही ती," सकिना म्हणाली.

"कुणाला सांगणार होती?" फारुक हळूच म्हणाले. ते भिंतीशी गेले. हात न लावता वाकून त्यांनी सांधे निरखले. कुठं जास्त नाही, कुठं कमी नाही. असं काम हाताखालच्या माणसांकडून करून घेणं किती अवघड असतं ते त्यांना पुरतं ठाऊक होतं.

जोडपं परत आलं. स्वरूपच्या बायकोनं, वेदिकानं, विचारलं, "काका, तुम्ही इथलेच का?"

"पलीकडचा. जहाजावर होतो. बऱ्याच मशिदी पाहिल्या." त्यांनी कौसरकडं हात केला. "ही माझी मुलगी. हे सगळं काम तिच्या देखरेखीखाली झालंय."

कौसर पाठमोरी होऊन शिडीची दोरी उगाच घट्ट करत राहिली.

दुपारी सगळ्यांनी मिळून खापरोळ्या खाल्ल्या. सकिना उठायला लागली तेवढ्यात खाली एक बस येऊन थांबली. कौसरनं हात धुतले, हेल्मेट चढवलं.

"निघायचं ना?" सकिनानं विचारलं.

"तू बस जरा," फारुक म्हणाले, आणि नव्या पाहुण्यांच्या घोळक्यात अगदी पुढं जाऊन, हात मागं बांधून, पहिल्यापासून सगळं ऐकायला उभे राहिले.