छोट्या बाटल्या

नेल्लाने पिशवी अंगणात उपडी केली. जुन्या चादरी, लेकीचे, इरेनेचे आखूड झालेले फ्रॉक आणि नवऱ्याचे, दाविदेचे शर्ट.

"एवढ्या चिंध्या पुरतील ना?" तिने आईला विचारलं.

ऑगस्ट सरत आला की इटलीतल्या सालिना बेटावर घरोघरी टोमॅटोचा सॉस बाटल्यांत भरून पिंपात उकळायचा. बाटल्या एकमेकींवर आपटून फुटू नयेत म्हणून मध्ये चिंध्या खुपसायच्या. जुनेर वर्षभर जपायचं ते याच दिवसासाठी. आईने एक शर्ट उचलला, कॉलर चाचपली, बटणांवरून अंगठा फिरवला आणि तो पिंपाजवळ ठेवला.

शेजारच्या तीनामावशी टोमॅटो चिरायला बसल्या होत्या. त्यांना गप्प बसणं कधी जमलं नव्हतं.

"जावईबापू कुठे दडलेत गं यंदा? गेल्या वर्षी हात भरून आले म्हणून पळाले वाटतं!"

"सुट्टी नाही मिळाली त्याला, मावशी."

"ऑगस्टात? ऑगस्टात तोरिनोत कुत्रंसुद्धा कामावर जात नाही."

"तीना, सुरीकडे बघ. बोट कापून घेशील," आई म्हणाली.

नेल्ला पाठ करून टोमॅटो गाळायच्या यंत्राचा दांडा फिरवू लागली. हे काम दरवर्षी दाविदेचं. मार्चमध्येच तो घर सोडून गेला होता. तोरिनोहून बेटावर आल्यापासून ती आईला हे सांगायचं ठरवत होती आणि आज-उद्या करता करता परतीची बोट परवावर येऊन ठेपली होती. आईचा जावयावर फार जीव. बाबांच्या शवपेटीला त्यानेच खांदा दिला होता. हे ऐकून आई खचेल, या धास्तीने नेल्लाची झोप उडाली होती. इरेनेलाही तिने आजीपाशी काही बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं आणि लेकीला असं खोटं वागायला लावल्याची तिला लाज वाटत होती.

मागे आई एकेका बाटलीत बेझिलचं पान टाकून सॉस भरत होती. बाबा गेल्यापासून ती स्वतःसाठी बिअरच्या छोट्या बाटल्या भरायची आणि लेकीच्या संसारासाठी लिटरच्या मोठ्या. संध्याकाळी पिंपाखालचा जाळ विझवून सगळे आत गेले.

सकाळी पाणी निवालं होतं. नेल्लाने वरचा शर्ट पिळून बाजूला टाकला. खाली छोट्या बाटल्या होत्या. दुसरा थर उचलला, तिथेही छोट्याच.

"आई, या तुझ्या झाल्या. माझ्या मोठ्या कुठे आहेत?"

"याच तुझ्या." आई बाटली पुसत होती. "मोठी उघडली तर दोघींना संपत नाही. उरलेल्याला बुरशी येते. तुझे बाबा गेले त्या वर्षी मला हे कळलं नव्हतं. निम्मा सॉस टाकून द्यावा लागला."

नेल्ला पायरीवर मटकन बसली.

"इरेने बोलली?"

"ती बिचारी तोंड शिवून बसलीय. धडधाकट शर्ट कुणी चिंध्यांत टाकतं का, वेडे?"

नेल्लाला रडू फुटलं. इतके दिवस दाबून धरलेलं सगळंच बाहेर आलं. आईने तिला मनसोक्त रडू दिलं. मग पिळलेला शर्ट तिच्या हातात दिला.

"नाक पूस. आणि मग बाटल्याही पूस."

नेल्ला रडता रडता हसली आणि कामाला लागली. पिंपाच्या तळाशी तिच्या हाताला एक मोठी बाटली लागली.

"अगं, ही एक चुकून राहिली वाटतं."

"चुकून नाही." आई मान वर न करता म्हणाली. लग्न होऊन या बेटावर आल्यापासून तिने कधी समुद्र ओलांडायचं नाव काढलं नव्हतं. "ती नाताळात उघडायची. तिघींना पुरेल तेवढीच आहे. आणि बोटीचं तिकीट तूच काढ, मला त्यातलं काही कळत नाही."