तीन दिवसांचा जिताडा

योगिनीने टर्पेंटाइनचा बोळा फिरवून परातीची सावली चौथ्यांदा पुसली आणि दोन पावलं मागे सरकून पाहिलं. तेवढीच जागा होती. तिसऱ्या पावलाला बाबांची जाळी पाठीला लागली असती. समोर स्टुलावर टेकवलेल्या कॅनव्हासवर पितळेची परात होती, परातीत आडवा जिताडा, बाजूला दोन लिंबं आणि कोयता. सगळं जागच्या जागी होतं, तरी चित्र काही केल्या जमत नव्हतं.

शनिवारी साटम सरांनी हेच चित्र वर्गाच्या खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिलं होतं. बावीस वर्षं स्टिल लाइफ, म्हणजे मांडलेल्या वस्तूंचं चित्र, शिकवणारा माणूस. कुणाचं काय चुकलं ते एरवी दारातूनच ओरडून सांगायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ड्रॉइंग चांगलं आहे. रंगही. पण माशात काहीतरी खटकतंय," ते म्हणाले. "काय ते मलाच सांगता येत नाहीये, याचाच राग येतोय. गुरुवारी दुरुस्त करून आण. आधीची दोन कामं तू अर्धवट दिलीस. हे आलं नाही तर टर्म ग्रँट होणार नाही, वर्ष जाईल, योगिनी."

आधीची दोन कामं का अर्धवट राहिली, ते तिने सरांना सांगितलं नव्हतं. पहिल्याच्या वेळी नारळी पौर्णिमा आली होती आणि दिवाळे गावातल्या निम्म्या होड्यांवर नावं घालायची होती. दुसऱ्याच्या वेळी चुलतभाऊ दीपेशची हळद होती आणि मांडवात थर्माकोलचे मोर नाचवायचे होते. गावाला आयती घरची आर्टिस्ट मिळाली होती, आणि गाव काही तिला सोडायला तयार नव्हतं. त्यातून सकाळी आयबरोबर बेलापूरच्या बाजारात मासे कापायचे, तिथून हात धुऊन दीड तासावरच्या आर्ट कॉलेजात जायचं, परतल्यावर चूल बघायची. कॉलेजात मुली तिच्या हातांचा वास घेऊन हसत, आणि घरी आय तिच्या कपड्यांना येणारा टर्पेंटाइनचा वास घेऊन नाक मुरडत असे.

वर्ष गेलं असतं तर घरात कुणी तिला रागावलं नसतं. तीच तर भीती होती. आयचे गुडघे गेले होते. 'बरं झालं' म्हणून तिने योगिनीला कायमचं शेजारी बसवून घेतलं असतं, आणि त्यात तिचं काही चुकलं असतं असंही नाही. रंगांची पेटी मग फक्त होड्यांच्या नावांना उरली असती.

मैत्रिणींनी सल्ले दिले होते. अस्मिता म्हणाली, मागचं कापड गडद कर. श्रुती म्हणाली, लिंबं काढून टाक. योगिनीने कापड गडद केलं, लिंबं हलवली, सावली पुसून पुसून कॅनव्हास चोळवटला. मासा मात्र तसाच पडून होता. आज मंगळवार उलटत आला होता.

बाहेर रिकामी पाटी आदळल्याचा आवाज आला आणि तिची आय, चंद्राबाई, आत आली. मंगळवारी बाजार मंदा, त्यामुळे ती लवकर परतली होती. उंबऱ्याशी बसून ती पाय दाबत राहिली, आणि मग सहज तिची नजर स्टुलाकडे गेली. लेकीची चित्रं ती कधी बघत नसे. बघायचं म्हणजे थांबावं लागतं, आणि थांबणं तिला माहीत नव्हतं. आज पाय दुखत होते म्हणून थांबली.

"ह्यो कुठला मासा?" तिने विचारलं.

"बाबांनी आणलेला. मागच्या ऐतवारचा जिताडा."

"ऐतवारचा? सगला?"

"सगला म्हंजे?"

चंद्राबाई भिंतीचा आधार घेत उठली. पदराला हात पुसून कॅनव्हाससमोर आली आणि वाकून पाहू लागली. बाजारात दुसऱ्या कोळणीची पाटी बघताना ती अशीच वाकायची. मग तिने करंगळी पुढे केली, रंगाला न लावता.

"डोला बग. काला, फुगीर, पान्यानं भरलेला. ह्यो सकालच्या भरतीचा. बर्फ बी लागला नाय. कल्ला लाल हाय. हितवर बरोबर हाय." करंगळी सरकली आणि पंखापाशी थांबली. "हितं बर्फ लागला. खवलांची चमक गेली बग. ह्यो दुसऱ्या दिसाचा. आनि शेपटी..." ती खाली झुकली. "पोट बसलंय. वरचा रंग पिवला परलाय. तिसरा दिस. ह्यो मासा येक नाय, पोरी. ऐतवार, सोमवार, मंगलवार, तिनी येका परातीत ठेवलेस. असला मासा मी सेक्टरातल्या फ्लॅटवाल्या बाईला दिला ना, तर ती माजी पाटी उलटी करील."

योगिनीने बोळा बाजूला ठेवला. रविवारी बाजार आटोपल्यावर तिने माशाचं डोकं रंगवलं होतं. अर्ध्यात हाक आली म्हणून उठली. सोमवारी कॉलेजातून येऊन बर्फातला मासा पुन्हा परातीत ठेवला आणि मधला भाग केला. शेपूट मंगळवारी उजाडताना. सर कानीकपाळी ओरडून सांगायचे, आधी सगळा कॅनव्हास भरून घ्या, मग बारकावे. एक कोपरा धरून पुढे जाऊ नका. पण मासा साफ करायचा तर डोक्यापासून शेपटीपर्यंत, हातातलं संपवून पुढे, हीच तिच्या हाताची सवय होती. चित्रही तिने तसंच केलं होतं.

यातलं काहीही आयला ठाऊक नव्हतं. त्या तिन्ही दिवशी ती या कोपऱ्याकडे फिरकलीही नव्हती.

योगिनी आयकडे बघत राहिली. ज्या बाईच्या शेजारी बसून तिने बारा वर्षं मासे कापले, ती बाई तिला कधी दिसलीच नव्हती असं तिला वाटलं. कॉलेजात वर्षभर 'बघायला शिका, बघायला शिका' असं चाललं होतं. आणि इथे आयने नुसतं वाकून, रंगाच्या पातळ थरातून, तीन दिवस वेगळे करून दाखवले होते.

"आय, तुना कसं कललं?"

"मना कललं त्यात काय नवल! तीस वर्सं तेच करतंय." चंद्राबाई अजून चित्रापासून हलली नव्हती. "तुना ठावं होतं, मासा शिला होत चाललाय?"

"नाय."

"ठावं नव्हतं, तरी काडलास?"

शिळा मासा काढायचं योगिनीने ठरवलं नव्हतं. जे समोर होतं ते हातातून उतरलं होतं. चंद्राबाईने लेकीच्या हाताकडे पाहिलं, नखांत अडकलेल्या निळ्या रंगाकडे, आणि पुन्हा चित्रातल्या शेपटीकडे. तिची करंगळी तशीच हवेत राहिली होती.

"बरोबर तिसऱ्या दिसाचा," ती हळूच म्हणाली. "मी समजत होती, तू पुस्तकात बगून काडतेस." मग तिने विचारलं, "येका दमात का नाय केलास?"

"वेल कुठं व्हता?"

योगिनी हे तक्रारीने म्हणाली नव्हती. चंद्राबाईने बाहेर जाऊन पाटी धुतली, आणि दर वेळेपेक्षा जास्त वेळ धुतली.

बुधवारी सकाळी बाबा खाडीवरून आले तेव्हा योगिनी ओढणी खोचून, कोयता घेऊन तयार होती. बुधवार म्हणजे कोळणीची दिवाळीच. सोमवार-मंगळवार पाळून उपाशी राहिलेली सगळी सेक्टरं साडेआठला पिशव्या घेऊन बाजारात उभी राहतात. चंद्राबाईने मासे निवडले, पाटीत बर्फावर रचले. त्यातला सर्वांत देखणा जिताडा उचलून तिने पितळेच्या परातीत ठेवला आणि परात स्टुलासमोर सरकवली.

"तू येऊ नको आज."

"बुदवार हाय, आय."

"मना वार शिकवू नको."

"मासं कापून कोन देईल?"

"केशरबाई हाय बाजूला. नायतर नेतील आख्खा. तू ह्यो येका दमात कर."

योगिनीने नवा कॅनव्हास लावला. मासा इतका ताजा होता की खवल्यांवर दारातलं आभाळ दिसत होतं. आज तिने कोपरा धरला नाही. रुंद ब्रशने परात, कापड, मासा, सगळं एकदम ओल्या रंगात पसरलं. सुरुवातीला ते नुसतं चिखल-पाणी दिसलं. मग पाठीचा हिरवट करडा रंग आला, त्याखाली रुपेरी, पोटाशी किंचित गुलाबी. डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच सकाळ उतरत होती. तिला ते कळत होतं. जिवंत म्हणतात ते हेच की काय, असं तिच्या मनात आलं आणि ती ब्रश धुवायलाही थांबली नाही.

डोळा तिने शेवटी ठेवला होता. बारीक ब्रश घेण्यासाठी वळली तेव्हा दारात चंद्राबाई दिसली. डोक्यावर पाटी, एक हात पाटीला, दुसरा चौकटीला. पाटीतून बर्फाचं पाणी ठिबकून तिच्या खांद्यावर ओघळत होतं. ती निघाली होती त्याला किती वेळ झाला कोण जाणे.

योगिनीने घड्याळात पाहिलं. पावणेनऊ.

"आय! बाजार?"

चंद्राबाईचे डोळे कॅनव्हासवर होते. बाहेरून केशरबाईने हाक मारली, "चंद्रे, येतेस का जाऊ?" दोन्ही हातांनी पाटी उतरवून चंद्राबाईने ती उंबऱ्याशी ठेवली, आणि दुखरे गुडघे सावरत भुईवर बसली.

"जाते मागनं," ती म्हणाली. "तू आदी डोला कर."